दवाखान्यावर भांडायचं नाही

महापालिकेची निवडणूक इतकी वर्षं रखडली होती की ती जाहीर झाली तेव्हा आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना आपला प्रभाग कोणता हेच आठवेना. बाबांना मात्र आठवत होतं. माझे वडील शाळेतून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले आणि कॉलेजात असल्यापासून एकाच पक्षाचे. पदाधिकारी वगैरे कधी झाले नाहीत. पक्षाची पत्रकं लिहायची, दुसऱ्याने लिहिली असतील तर त्यातलं शुद्धलेखन सुधारायचं आणि सभेला मागच्या रांगेत बसून वक्त्याच्या चुका मनात टिपायच्या, एवढंच त्यांचं राजकारण. आमच्या प्रभागातल्या महिलांसाठी राखीव जागेवर त्यांच्या पक्षाने उभी केलेली बाई वारज्यातल्या जुन्या शेतकरी घराण्यातली सून होती. आधी एकदा नगरसेविका राहिलेली. सगळा भाग तिला वहिनी म्हणायचा.

मी तेव्हा आईबाबांकडे राहायला आले होते. हिंजवडीच्या एका कंपनीत मी मजकूर लिहायचं काम करत असे. पुढे ते काम यंत्राकडे गेलं आणि मी घरी. एका जुन्या मैत्रिणीने विचारलं, प्रचाराचं लिहिशील का. मी हो म्हटलं. पक्ष कोणता हे नंतर कळलं. बाबांच्या समोरचा.

हे घरी सांगायचं कसं, याचा मी दुपारभर विचार केला. शेवटी जेवताना सांगून टाकलं. बाबा आमटीभात कालवत होते. ते कालवतच राहिले. मग म्हणाले, "त्यांच्या पत्रकांत ऱ्हस्वदीर्घाच्या फार चुका असतात. तू गेलीस ते बरंच झालं."

आईने फक्त एवढं विचारलं, "म्हणजे आता दोघंही याच टेबलावर लिहिणार का? मला भाजी कुठे निवडू ते सांगा."

तर त्या हिवाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन पक्षांचा प्रचार लिहिला गेला. खिडकीच्या बाजूला बाबा, कागद आणि शाईचं पेन घेऊन. दाराच्या बाजूला मी आणि माझा लॅपटॉप. मधे आई, मेथीची जुडी घेऊन. एकमेकांचं वाचायचं नाही असं ठरलं होतं आणि आम्ही दोघंही ते बऱ्यापैकी पाळत होतो. मत कोणाला देणार असं आईला विचारलं की ती म्हणायची, "दोघांचं छापून आल्यावर बघते."

माझी उमेदवार नवखी होती. लग्न होऊन विदर्भातून पुण्यात आलेली. नवरा कारखान्यात, आणि ती महामार्गाच्या पलीकडे मेस चालवायची. नोकरीसाठी आलेली मुलं, नर्सिंगच्या मुली, तिच्याच गावाकडचे कामगार, सगळे तिच्याकडे जेवायचे. त्यांच्यासाठी ती ताई, म्हणून आमच्यासाठीही ताईच. पंधरा-वीस वर्षं पुण्यात काढूनही तिची बोली जशीच्या तशी होती. पक्षाच्या सल्लागाराला त्याची काळजी वाटायची. मला ती ऐकत राहावीशी वाटायची.

हा सल्लागार म्हणजे पंचविशीतला एक हुशार मुलगा. सर्वेक्षण, आलेख, कोणत्या गल्लीत काय बोलायचं याचे नकाशे, असं सगळं त्याच्याकडे तयार असे. पहिल्याच बैठकीत त्याने सांगितलं, "मॅम, या वॉर्डात हेल्थ हा टॉप इश्यू आहे. आपण तो ओन करायचा. समोरचे जे म्हणतील त्याच्याशी कधीही सहमत व्हायचं नाही. सहमत झालो की इश्यू गेला."

मी त्याच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं. ताई निवडून आल्या तर प्रभागात शंभर खाटांचं अद्ययावत रुग्णालय. त्याखाली एका चकचकीत इमारतीचं चित्र, जी कुठल्या देशातली होती कोण जाणे. फ्लेक्स लागला. चार दिवसांनी वहिनींचा फ्लेक्स लागला. दीडशे खाटांचं रुग्णालय. इमारत वेगळी, पण ढग तेच.

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा मी विचारलं, "वरच्या पन्नास खाटा कुठे ठेवणार आहात? गच्चीवर?"

"तुमच्या शंभर जिथे मावतील तिथेच," बाबा म्हणाले. चष्मा पुसता पुसता हसत होते. मजकूर त्यांचा नव्हता, हे मला पहिल्या ओळीतल्या 'हॉस्पिटलच' वरून कळलंच होतं. 'च'वर अनुस्वार नव्हता.

मग दारोदार फिरणं सुरू झालं. ताईबरोबर मीही जायची, लोक काय बोलतात ते ऐकायला. सोसायट्यांमध्ये लोक नम्रपणे पत्रक घ्यायचे आणि दार लावून घ्यायचे. एका दारावर पाटी होती, 'उमेदवारांनी बेल वाजवू नये, आम्ही मतदान करतो, गप्पा नाही.' ताईने ती वाचली आणि खरोखरच बेल न वाजवता पुढे गेली. महामार्गाच्या मागच्या गल्ल्यांत मात्र लोक बोलायचे. एकेका खोलीत चार-पाच जण राहणारे, खूप लांबून आलेले. रुग्णालयाचं चित्र त्यांनी पाहिलं होतं. पण ते विचारायचे आमच्या जुन्या दवाखान्याबद्दल.

महापालिकेचा एक दवाखाना आमच्या प्रभागात आहेच. पिवळ्या रंगाची बैठी इमारत, पुढे दोन पायऱ्या, बाजूला बदामाचं झाड. तो सकाळी उघडायचा आणि दुपारी जेवायच्या वेळेला बंद व्हायचा. त्या गल्ल्यांतल्या एका घराच्या दारात सुरक्षारक्षकाच्या गणवेशातली एक बाई उभी होती, कडेवर तापाने फणफणलेली मुलगी. ती म्हणाली, "ताई, आम्ही कामावर जातो तेव्हा तो उघडतो आणि आम्ही परत येतो तेव्हा कुलूप असतं. मोठा दवाखाना नको. हाच संध्याकाळी उघडाल का?"

ताईने तिच्या मुलीच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "मी उघडीन असं नाही म्हणत बाप्पा. मले तेवढं समजत नाही अजून. पण विचारतो."

त्यांच्याकडच्या बायका 'विचारतो'च म्हणतात. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "काऊन नसंल उघडत संध्याकाळी?" पुढच्या गल्लीत दोन जणांनी तेच विचारलं, त्याच्या पुढच्या गल्लीत आणखी कोणीतरी. मी सल्लागाराला सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं, आणि मग म्हणाला, "मॅम, पॉइंट व्हॅलिड आहे. पण संध्याकाळची ओपीडी खूप छोटी गोष्ट आहे. फ्लेक्सवर उठून दिसत नाही."

त्या रात्री जेवताना मी बोलून गेले, की लोकांना रुग्णालय नकोच आहे, संध्याकाळचा दवाखाना हवाय. बोलल्यावर लक्षात आलं, की मी विरोधी पक्षासमोर आमची आतली गोष्ट फोडली. बाबांनी ताटातून मान वर केली.

"आमच्याकडेही तेच विचारतात," ते म्हणाले. "मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, मास्तर, मी नगरसेविका असताना दोनदा लिहून दिलं होतं. डॉक्टर मिळत नाही म्हणून कळवलं. आता संध्याकाळच्या दवाखान्याचं नाव काढलं तर लोक म्हणणार, मग तेव्हा का नाही केलंत?"

"मग?"

"मग काही नाही. दीडशे खाटा."

दोन्ही बाजूंना माहीत होतं आणि दोन्ही बाजूंनी ते न बोलायचं ठरवलं होतं, आपापल्या कारणांनी. आईने बाबांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि विषय तिथे संपला.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी आमची पदयात्रा भाजी मंडईच्या चौकात आली आणि समोरून वहिनींची आली. असं झालं की दोन्हीकडचे ढोलवाले ईर्ष्येला पडतात. तसे ते पडले. कोणाचा आवाज मोठा याची स्पर्धा सुरू झाली, कार्यकर्ते झेंडे उंच करू लागले. मी ताईच्या मागे दोन माणसं सोडून होते. ताईने हात जोडलेले मला दिसले, मग ते सुटले, आणि ती रस्त्यावर खाली बसली. बसली आणि एका अंगावर कलंडली.

आमच्या लोकांना वाटलं धक्का लागला. दोन-तीन पोरं समोरच्यांच्या अंगावर धावून गेली. एवढ्यात गर्दीतून वहिनी पुढे आल्या. ठेंगणी, भरल्या अंगाची बाई, डोक्यावर पदर, पायात बूट. त्यांनी आधी आपल्याच ढोलवाल्याचा हात धरला.

"वाजवायचं बंद कर. माणूस पडलंय. सरका सगळे, वारं लागू द्या तिला."

ढोल थांबले. वहिनी रस्त्यावर मांडी घालून बसल्या, ताईचं डोकं मांडीवर घेतलं आणि हातातल्या पत्रकांच्या गठ्ठ्याने वारा घालू लागल्या. त्यांच्याच पक्षाची पत्रकं, बाबांनी तपासलेली. ताईने डोळे उघडले. चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम. मी पाणी दिलं.

"सकाळपासून काय खाल्लंस?" वहिनींनी विचारलं.

"चहा," ताई म्हणाली.

"मेस चालवती म्हणं," वहिनी आमच्याकडे बघून म्हणाल्या. "दवाखान्यात घ्या हिला. हितंच हाय, मागच्या गल्लीत."

आम्ही दोघी-तिघींनी तिला धरून नेलं. बदामाच्या झाडाखाली पोचलो तर दाराला कुलूप. ते तसंच असणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी वहिनींनी ते एकदा हाताने ओढून पाहिलं. मग त्या पायरीवर बसल्या, ताईला शेजारी बसवलं, तिचं डोकं खांद्यावर घेतलं. सभांमध्ये बोलून घसा बसतो म्हणून त्यांच्या पिशवीत खडीसाखर असायची. तिचे दोन खडे त्यांनी ताईच्या तोंडात घातले.

"वहिनी, तुमचा प्रचार थांबला," ताई पुटपुटली.

"गप. खडीसाखर गिळशील तशीच."

कोणीतरी गाडी आणेपर्यंत त्या दोघी तशाच बसून होत्या, एकीच्या गळ्यात एका रंगाचा पंचा, दुसरीच्या दुसऱ्या. मागे बंद दार आणि त्यावर दवाखान्याच्या वेळांची पाटी. समोर निदान वीस मोबाइल. मी तेव्हा मोबाइलकडे लक्षच दिलं नाही. महामार्गावरच्या खासगी इस्पितळात ताईला सलाइन लावलं. साखर उतरली होती, बाकी काही नव्हतं. ताईचा नवरा कारखान्यातून येईपर्यंत वहिनी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिल्या आणि तो आल्यावर निघून गेल्या.

सकाळी आम्ही उठलो तर ते चित्रीकरण सगळ्या प्रभागात फिरून आलं होतं. दूधवाल्याने आईला दाखवलं. माझ्या फोनवर सल्लागाराचे निरोप होते. त्याचा आवाज इतका उत्साही मी कधी ऐकला नव्हता. "मॅम, गोल्ड आहे हे. बंद दवाखाना आणि आपली कँडिडेट बेशुद्ध. आधी कोण होतं नगरसेवक? एवढीच लाइन. वहिनींना फ्रेममधून कट करू."

बाबांनाही त्यांच्या कार्यालयातून फोन आला होता. त्यांना सांगितलं होतं, वहिनींच्या मोठ्या मनावर लिहा. विरोधकांनाही मायेने सांभाळणारी आई. कुलूप दिसणार नाही असा फोटो निवडतो.

आम्ही दोघं टेबलावर बसलो. मी दोन ओळी लिहून पुसल्या. खिडकीकडे बाबांचं पेन चालू होतं. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "वाचून दाखवू का?" हे नियमाला सोडून होतं. मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी वाचलं. सुरेख होतं, व्याकरणात एक चूक नव्हती, आणि ऐकताना मला कसंतरी झालं. त्यांनाही झालं असावं, कारण त्यांनी कागद उलटा ठेवला.

"ती बाई काल रस्त्यावर मांडी घालून बसली," ते म्हणाले, "तेव्हा तिच्या मनात यातलं काही नव्हतं गं."

"मला तर तिलाच कापून टाकायला सांगितलंय," मी म्हणाले.

आई ओट्याशी होती. तिने वळून विचारलं, "त्या दोघींना कोणी विचारलंय का, त्यांना काय हवंय?"

कोणीच विचारलं नव्हतं. आम्ही बापलेक एका स्कूटरवर बसून ताईच्या मेसवर गेलो. बाबांचा पक्षाचा बिल्ला शर्टाला तसाच होता, तो काढायचं त्यांना सुचलं नाही, आणि मेसच्या दारातल्या आमच्या कार्यकर्त्यांनी त्याच्याकडे बघत वाट दिली. आत गेलो तर स्वयंपाकघरात वहिनी बसलेल्या. पुढ्यात ताट, त्यात भाकरी आणि झुणका. तब्येतीची चौकशी करायला आल्या होत्या आणि ताईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"या मास्तर," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीबी आलात? बरं झालं. आमचं बोलणं चाललंय."

त्यांचं बोलणं बरंच पुढे गेलं होतं. काल पायरीवर बसल्यावर दोघींनाही लाज वाटली होती. वहिनींना कुलपाची, ताईला फ्लेक्सवरच्या चित्राची. ताई म्हणाली, "मी निवडून आलो तरी एकटीनं होनार नाही. यायले दोनदा लिहून जमलं नाही, तर मले पहिल्या खेपेत काय जमन? दोघी मागं लागलो तर कदाचित होईन." वहिनी भाकरी मोडत म्हणाल्या, "मी दोनदा लिहिलं आणि गप बसले. तिथंच चुकले. हे लोकांना सांगायला मी तयार हाय. पण हिच्या लोकांनी त्याचा बाजार करायचा नाही."

मग तिथेच, पोळपाट-लाटण्याच्या शेजारी, आम्ही बापलेकीने आयुष्यात पहिल्यांदा मिळून एक मजकूर लिहिला. चार वाक्यांना तासभर लागला. वहिनींना 'इतकी वर्षे बंद' नको होतं, ताईला 'वहिनींनी वाचवलं' नको होतं. दोन्ही गेलं. बाबांनी लिहिलं, 'यासाठी आम्ही सातत्याने पाठपुरावा करू.' मी म्हणाले, पाठपुरावा कोणालाच कळत नाही, सरकारी पत्रातला शब्द आहे. बाबा म्हणाले, शब्द अचूक आहे. आमचं तिथेच जुंपलं. शेवटी ताई म्हणाली, "मागं लागू, असं लिवा. ते समद्यायले समजते." बाबांनी पाठपुरावा खोडला, पण 'मागे' प्रमाण भाषेत लिहिलं.

मजकूर असा झाला: 'आपला दवाखाना संध्याकाळीही उघडा हवा. आम्हा दोघींपैकी कोणीही निवडून आली तरी त्यासाठी आम्ही दोघी मिळून मागे लागू. रुग्णालयाची चित्रे आम्ही काढून घेत आहोत. बाकी सर्व विषयांवर आमचे मतभेद आहेत आणि ते आम्ही तुमच्यासमोर मांडू.' शेवटचं वाक्य बाबांचं. त्याशिवाय लोकांना हे खरं वाटणार नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर निघालं.

सल्लागाराला मी फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मॅम, हे स्ट्रॅटेजी म्हणून सुसाइड आहे." मग म्हणाला, "पर्सनली मला आवडलं." पक्षातल्या मोठ्या मंडळींना मात्र अजिबात आवडलं नाही. त्यांचा फोन ताईलाच आला. मी शेजारी उभी होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मी पडलो तवा तुमच्यातलं कोन होतं तिथं?" त्यानंतर फोन लवकर संपला. वहिनींच्या बाजूला काय झालं ते बाबांनी मला कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की कार्यालयात त्यांना पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसवलं होतं, आणि ते काही मानासाठी नव्हतं.

प्रचार संपायच्या आदल्या दिवशी आमच्या सोसायटीच्या सभागृहात दोघी एकत्र आल्या. खुर्च्या भरल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मागच्या गल्ल्यांतलेही बरेच आले होते, जे आमच्या सोसायटीच्या फाटकातून एरवी आत येत नाहीत. दोघींनी तो मजकूर अर्धा अर्धा वाचला. टाळ्या बेताच्याच. मग तळमजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ उठले, ज्यांनी आजवर सोसायटीचा एकही ठराव एकमताने होऊ दिलेला नाही.

"आपण दोघी एकच बोलणार असाल," ते म्हणाले, "तर आम्ही बटण नेमकं कोणतं दाबायचं, हेही मिळून सांगा."

लोक हसले. वहिनी उठल्या. "काका, पाण्यावर भांडू, कचऱ्यावर भांडू, रस्ता कुणी खणला त्याच्यावर तर लईच भांडू. तुम्ही ते ऐका आणि बटण दाबा. दवाखान्यावर तेवढं भांडायचं नाही असं ठरलंय आमचं."

"आणि हरणारी बाई उद्यापासून गायब होणार नाही कशावरून?"

ताई बसूनच बोलली. "मी कुटं जानार काका? दोन्ही वक्ताचा सैपाक असते माह्याकडं."

यावेळी टाळ्या बऱ्या पडल्या. त्यानंतर दोघी पाण्याच्या टँकरवरून अशा काही जुंपल्या, की सभागृहाच्या रखवालदाराने आत येऊन सगळं ठीक आहे ना ते पाहिलं. बाबा मागच्या रांगेत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तेवढे दोन तास आम्ही दोघं कोणत्याच पक्षाचे नव्हतो, किंवा एकाच होतो म्हणा. एक शब्द दोघींनी चुकीचा उच्चारला, तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे.

मतदानाच्या दिवशी आई पातळ बदलून सकाळीच जाऊन आली. मत कोणाला दिलं ते तिने सांगितलं नाही, अजूनही सांगत नाही.

वहिनी निवडून आल्या. थोडक्यात, पण आल्या. निकालाच्या दिवशी बाबांच्या पक्षाची मिरवणूक आमच्या इमारतीखालून गेली. बाबा गॅलरीत उभे होते. हसायचं त्यांच्या मनात होतं, पण मी घरात होते म्हणून ते तोंड गंभीर ठेवून उभे. मला ते बघवेना. मी म्हणाले, "बाबा, जा ना खाली. गुलाल लावून या." ते चपला घालून इतक्या पटकन गेले, की आईला हसू आवरेना. तासाभराने गुलालाने माखून आले, हातात पेढ्यांचा पुडा. पहिला पेढा त्यांनी मला दिला. "तुझा मजकूर चांगला होता," असं म्हणाले. त्यांनी मला लिहिण्याबद्दल असं याआधी कधी म्हटलं नव्हतं.

मी ताईकडे गेले. वाटलं होतं ती रडत असेल. ती कणीक मळत होती. रडून झालं होतं, डोळ्यांवरून कळत होतं. म्हणाली, "हारलो त हारलो. जेवून जा."

दवाखाना लगेच उघडला असं नाही. त्या दोघी क्षेत्रीय कार्यालयात एकत्र जायच्या. पहिल्यांदा तिथल्या अधिकाऱ्याला वाटलं, एकमेकींची तक्रार घेऊन आल्यात, म्हणून त्याने दोन वेगळ्या खोल्यांत बसवलं. उन्हाळा गेला. पावसाळ्यात डेंग्यूची साथ वाढली तेव्हा कुठे हालचाल झाली, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी दवाखाना उघडू लागला. तीनच, रोज नाही. मुख्य श्रेय कोणी घेतलं, यावरून दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांचं थोडं वाजलंही. मी तेव्हा दुसरं काम धरलं होतं, बाबा पुन्हा शुद्धलेखन तपासत होते.

परवा आईला खोकला झाला म्हणून बाबा तिला संध्याकाळी तिथे घेऊन गेले. मीही गेले. रांगेत कामावरून परतलेली माणसं होती, हेल्मेट हातात, डबे खांद्याला. डॉक्टरबाई मधल्या वयाच्या, अत्यंत शांत. त्यांनी आईला तपासलं, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "खोकल्याचं औषध संपलंय. बाहेरून घ्या."

"संपलंय?" बाबा म्हणाले. "मग संध्याकाळी उघडून उपयोग काय?"

"दुपारपर्यंत संपतं. आता ते नसल्याचं तुम्हाला संध्याकाळीही कळतं, एवढा उपयोग आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मास्तर, तुमच्या ओळखी आहेत ना? वापरा की."

बाहेर येऊन बाबांनी फोन काढला. मला वाटलं वहिनींना लावतील. त्यांनी ताईला लावला.

"अहो बाबा, नगरसेविका वहिनी आहेत," मी म्हणाले.

"माहितीये. पण त्यांचा फोन हल्ली लागत नाही. आणि ताई एकदा मागे लागल्या की वहिनींनाही घेऊनच येतात." पलीकडून आवाज आला तसे बाबा ताठ उभे राहिले, शाळेत राहायचे तसे. "नमस्कार ताई, मी मास्तर बोलतोय. जेवणाची गडबड असेल तर नंतर करतो. नाही ना? बरं, ऐका. दवाखान्यात औषधं नाहीत."

आई तोवर बदामाच्या झाडाखालच्या बाकावर, रांगेतल्या बायकांशी गप्पा मारत बसली होती. तिचा खोकला थांबला होता.